काठावर उभं राहायचं नाही

त्याला सगळे हाकल्या म्हणत, आणि तोंडावर म्हणत. डोंगरातल्या ओढ्याकाठच्या पायवाटेचा तो राखणदार. पडलेली झाडं कापून बाजूला करायची, दगडांवरचे बाण रंगवायचे, वाट चुकलेल्यांना हुडकून आणायचं. काम चोख, पण माणूस तोंडाचा फाटका! ओढ्याला पाणी चढलं की पलीकडे अडकलेल्यांची माणसं अलीकडच्या काठावर गोळा व्हायची. कुणाची आई, कुणाचा नवरा. हा काठी आपटत यायचा आणि गुरं हाकलावीत तसा त्यांना हाकलायचा. "चला, निघा! तमाशा आहे का इथे? घरी जाऊन बसा!" एखादी म्हातारी रडायला लागली तरी याला पाझर फुटायचा नाही. मेल्याला काळीजच नाही, असं लोक म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर काळीज होतं म्हणूनच तो सगळा खटाटोप. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी भलतं फसवं. खाली कोरडं ठाक असतं, वर कुठेतरी धो धो कोसळतं, आणि सकाळी बूटही न भिजवता ओलांडलेला ओढा परतीच्या वेळी मांडीला लागतो. पाणी गढूळ होतं, तळातले दगड गडगडताना ऐकू येतात. अशा वेळी एकच शहाणपण, बसून राहायचं. जसं चढलं तसं ते उतरतं. भूक लागेल, थंडी वाजेल, पण जीव राहील. एकटा अडकलेला माणूस मुकाट्याने बसतोही. पण समोरच्या काठावर आपलं माणूस दिसलं की त्याला राहवत नाही. एवढंसं तर अंतर, चार ढांगा टाकल्या की पोचलोच! आणि उतरतो. गुडघाभर पाण्यात माणूस जातो, हे त्याला जाईपर्यंत खरं वाटत नाही. हाकल्याने हे पाहिलं होतं, आणि एकदा नव्हे. बुडालेले बहुतेक सगळे, कुणीतरी काठावर वाट पाहत असतानाच बुडाले होते.

पण हे तो कुणाला सांगायचा नाही. सुरुवातीला सांगून पाहिलं होतं. "आमचा मुलगा असा वेडा नाही हो," म्हणून लोक वाद घालत बसायचे आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन जायचं. पालथ्या घड्यावर पाणी! त्यापेक्षा शिवी बरी, ती लगेच लागू पडते. आणि जे बाहेर बोलायचं नाही ते घरात तरी कशाला बोला, असा त्याचा खाक्या. बायकोला आपलं वाटायचं, नवऱ्याला गर्दीचा तिटकारा आहे, दुसरं काय! इथेच तो चुकला.

त्यांना एकच लेक. बापाबरोबर याच वाटेवर काम करायची, पाणी तिला बापाइतकंच कळायचं. त्या दिवशी ती पलीकडे बाण रंगवायला निघाली. नुकतीच तापातून उठलेली, म्हणून आई नको म्हणत होती. "घरात बसून मला बुरशी येईल गं," म्हणाली आणि गेली. दुपारी वर डोंगरात आभाळ फाटलं. हाकल्या तेव्हा खालच्या अंगाला दुसऱ्याच लोकांना हाकलत होता. लेकीची त्याला काळजी नव्हती. ती बसून राहील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि ती बसलीच होती. परतताना त्याने वळणावरून पाहिलं. पलीकडच्या खडकावर, रंगाचा डबा पायाशी ठेवून, अंगाचं मुटकुळं करून ती निवांत बसलेली. त्याच्या जिवात जीव आला. मग त्याला अलीकडच्या काठावर बायको दिसली. तिच्या हातात कोरडी शाल होती. तिने हाकसुद्धा मारली नाही, नुसती शाल उंच धरून दाखवली. मी आहे गं, एवढंच.

लेक उठली.

हाकल्या घसा फुटेस्तोवर ओरडत धावला. दगडांच्या गडगडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मध्यावर तिचा पाय सुटला आणि ती गेली.

सगळं आटोपून घरात दोघंच उरल्यावर बायकोने विचारलं, "अहो, खरं सांगा. मला बघून उतरली का ती?"

"वेडी का काय तू? तू पोचायच्या आधीच ती एकदा पाण्यात उतरून मागे फिरली होती, पुन्हा उतरणारच होती. मी वळणावरून पाहिलं ना."

फटकळ माणूस, आयुष्यात कुणाचं मन राखायला खोटं बोलला नव्हता. पण हे इतक्या सहज बोलला की तिने मान डोलावली आणि कितीतरी दिवसांनी दोन घास खाल्ले. त्या खोट्याच्या आधाराने बाई उभी राहिली.

पुढच्या वर्षी पुन्हा पाणी चढलं. पलीकडे एक तरुण अडकला, अलीकडे त्याचा बाप आणि बहीण हात हलवत उभे. कुणी अडकल्याचं कळलं की हाकल्याच्या बायकोला आता घरात बसवत नसे. ती चहाची किटली घेऊन आली होती.

"निघा इथून!" हाकल्या खेकसला.

बाप हलला नाही. "तुमच्यावर काय गुदरलंय ते ऐकलंय आम्ही. पण त्याला एकटा कसा सोडू? आम्ही दिसलो की त्याला धीर येईल."

हाकल्याने शिव्या घातल्या. बहिणीने उलट त्याच्याच दंडावर हात ठेवला. आता लोक त्याची कीव करत, आणि कीव करणारे ऐकत नाहीत. पलीकडे तरुण उठून बुटांच्या नाड्या आवळू लागला.

हाकल्याने बायकोकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर उभी होती. काहीतरी आणायला म्हणून तिला घरी पिटाळावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात तरुणाने एक पाय पाण्यात घातला.

"तुम्ही दिसता म्हणून तो उतरतोय!" हाकल्या ओरडला. "कसला धीर येतोय! होता तोही सुटतो! माझी पोर खडकावर बसली होती. गप बसली होती. काठावर आपलं माणूस दिसलं आणि उठली. मी पाहिलंय या डोळ्यांनी!"

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीचा हात धरून तो धावत झाडांमागे गेला. पलीकडे तरुण थबकला, आपली माणसं कुठे गेली ते शोधत राहिला, आणि पाय मागे घेऊन खाली बसला. तो वाचला.

बायको जागची हलली नव्हती. तिने किटली जमिनीवर ठेवली, पदराने हात पुसले.

"अगं..." तो म्हणाला.

"चला," ती म्हणाली, "आपणही इथे उभं राहायला नको." आणि त्याच्याकडे न बघता घराच्या वाटेला लागली.