झोपेतलं माप

मास्तर तीन दुकानांतून भांडून बाहेर पडले होते आणि तिन्ही वेळा चूक दुकानदाराची होती, असं त्यांचं म्हणणं होतं. एरवी त्यांचं हे म्हणणं कोणी मनावर घेत नसे, कारण त्यांच्या हिशेबात चूक कायम दुसऱ्याचीच असायची. पण या खेपेला ते खरं होतं. व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायला आलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाला एकही दुकानदार धड उत्तर देत नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. तीस वर्षं गळ्यात टेप आणि खिशात खडू. माणसाला उभं करायचं, एकदा माप घ्यायचं, एकदा कात्री चालवायची, विषय संपला. कच्चं शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायची ट्रायल मास्तर देत नसत. ‘ट्रायल देतो तो शिकाऊ,’ असं ते नव्या कारागिरांना पहिल्याच दिवशी सुनवायचे. बटणाचं काज अर्धं सूत सरकलं तरी ते असे कडाडायचे की पलीकडच्या इस्त्रीवाल्याच्या हातून इस्त्री निसटायची. कारखान्यात त्यांना पाठीमागे ‘भडका मास्तर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरात मात्र त्यांच्या वरचढ एक माणूस होतं. त्यांची थोरली बहीण, ताई. लग्नाच्या बाबतीत दोघांनीही कोणाचं ऐकलं नाही, त्यामुळे दोघं एकाच घरात राहून एकमेकांशी भांडत म्हातारपणाकडे निघाली होती. ताईने सव्वीस वर्षं टायपिंगचे वर्ग चालवले. एक अक्षर चुकलं की ती अख्खा कागद ओढून काढायची आणि म्हणायची, “पुन्हा.” मास्तरांनी केलेल्या चहालाही ती हेच म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी ताईची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला. जीभ शाबूत राहिली. डाव्या हाताची मात्र मूठ वळली ती वळलीच. आणि मास्तरांना मुठीपेक्षा जास्त ज्याने छळलं ते हे, की ताईचा राग गेला. चहा गार झाला? “चालेल.” उशी चुकीच्या बाजूला लावली? “चालेल.” शेजारणीने तिच्या देखत मास्तरांना विचारलं, “आता ही बिचारी दिवसभर करते तरी काय?” तरी ताई गप्प. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारणीवर नव्हे, ताईवर. अगं, बिचारी म्हणाली ती तुला! दोन शब्द सुनाव की!

मग एका दुपारी टीव्हीवर जाहिरात लागली. टोपीवाला एक बुटका विटांवरून उड्या मारत पळत होता. ताई ती संपेपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, “एक डाव खेळावासा वाटतो.”

आठ महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. लहानपणी मामाने आणलेलं असलंच एक यंत्र त्यांच्या घरी होतं, टीव्हीला वायर लावून खेळायचं. दोन कंट्रोलर होते. एकाचं उडीचं बटण दाबलं की वर यायचं नाही. तो कंट्रोलर कायम धाकट्या भावाचा. मास्तर जन्मभर खड्ड्यात पडले आणि ताई जन्मभर जिंकली.

“एका हाताने खेळता येतील असेही गेम असतात म्हणे,” मास्तर चाचरत म्हणाले.

“एका हाताने खेळायचं असतं तर पत्ते मागितले असते,” ताई म्हणाली. मग काठीकडे हात नेत, “राहू दे. नसलं तरी चालेल.”

त्या ‘चालेल’ने मास्तरांना दुकानात धाडलं.

कारखान्यातल्या खाकी कागदावर, ज्यावर एरवी पँटचे नमुने काढायचे, त्यांनी तीन रकाने आखले. पहिला, काळा डबा. टीव्हीला जोडायचा, चित्र असं की गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं. कंट्रोलर भारी, दोन्ही पंजांत भरणारा. दुसरा, पांढरा डबा. तोही टीव्हीचाच, कंट्रोलर जरा हलका, पण टोपीवाला त्यात नाही. काळ्यातही नाही. म्हणजे एकाच्या घरचं पाणी दुसऱ्याच्या नळाला यायचं नाही, असा या कंपन्यांचा कारभार! तिसरं, हातात धरायचं. स्वतःचाच पडदा असलेलं, टोपीवाला असलेलं, दोन्ही बाजूंचे मुठीएवढे तुकडे सुटे होणारं. डाव्या तुकड्यावर चालवायची काडी, उजव्यावर उडीचं बटण. चित्र बेताचं, बॅटरी चार-पाच तास.

“यात कुठलं कमजोर हाताला धरवेल?” मास्तरांनी पहिल्या दुकानात विचारलं.

“काका, काळा घ्या. ग्राफिक्स बघा ना!”

“ग्राफिक्स हाताने धरतात का?”

दुसऱ्या दुकानातल्या पोरीने पांढऱ्याची एवढी तारीफ केली की मास्तरांनी विचारलं, “तू स्वतः खेळतेस का यावर?” ती म्हणाली, “नाही, मी मोबाइलवर खेळते.” उचलली जीभ लावली टाळ्याला. तिसऱ्या दुकानदाराने कंट्रोलर काचेच्या पेटीत बंद ठेवले होते. हातात द्या म्हटलं तर म्हणाला, “आधी खरेदी करा, मग हाताळा.” माणूस चपलासुद्धा पायात घालून घेतो! मास्तरांनी काचेवर टेप लावून बाहेरूनच कंट्रोलरची रुंदी मोजली आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांच्या अकलेचंही माप काढून बाहेर पडले.

यंत्रांची मापं आली. आता राहिलं ताईच्या हाताचं. आणि इथे हा भडका मास्तर घाबरला. ‘हात पुढे कर’ म्हणायचं, आणि तो पुढे आलाच नाही तर?

रविवारी दुपारी ताई झोपली होती. मास्तर टेप घेऊन तिच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. डावा हात चादरीवर पडला होता आणि बोटं उघडी होती. पाचही. आठ महिने आवळलेली ती मूठ मोकळी झाली होती. मास्तर चवड्यांवर पलंगाजवळ गेले. सुधारतोय! कोणाला न सांगता हात सुधारतोय! त्यांनी श्वास रोखून माप घेतलं. तळवा साडेतीन इंच, अंगठा सव्वादोन. ताईला उठवलं नाही. एकदम यंत्रच हातात देऊ, मग बघू तिचं तोंड, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी ते चौथ्या दुकानात गेले. हातात धरायच्या यंत्राचा डावा तुकडा मोजला, ताईच्या अंगठ्याशी काडी बरोबर जुळली. एकदा माप, एकदा खरेदी.

घरी आल्यावर त्यांनी ताईला खुर्चीत नीट बसवलं, दोन्ही तुकडे सुटे केले आणि डावा तिच्या हातात द्यायला गेले. मूठ बंद होती. त्यांनी हळूच बोटं उघडायचा प्रयत्न केला. मूठ आणखी आवळली. तुकडा घसरला आणि फरशीवर आपटला.

“हात... काल तर उघडला होता,” मास्तर म्हणाले.

“काल कधी?”

मास्तर तुकडा उचलायला वाकले.

“काल कधी, विचारतेय मी.”

“तू झोपली होतीस. मी फक्त माप घेतलं.”

ताईचा चेहरा लाल झाला. “झोपेत सैल पडतो तो. जागी झाले की पुन्हा आवळतो. रोज! पहिल्या महिन्यात रोज सकाळी मला वाटायचं, आज उघडा राहील. तुला विचारता नाही आलं? सगळ्या गिऱ्हाइकांना उभं करून मापं घेतोस आणि मला झोपेत मोजलंस? मढं आहे का मी?”

आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारणीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. “आणि तुम्ही दार लावून घ्या!” ताई तिकडे ओरडली. दार लागलं.

मास्तर खोका उचलून तडक चौथ्या दुकानात गेले. खोका उघडला आहे, परत घेता येणार नाही, असं दुकानदार म्हणाला. मास्तरांनी तोंड उघडलं. या माणसाने त्यांना तुकडा हातात दिला होता, हवा तेवढा वेळ मोजू दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा भांडायला समोर माणूस होता आणि चूक त्याची नाही, हे त्यांनाही दिसत होतं. शिवी होती, पण ती घ्यायला ते स्वतःच उरले होते. स्वतःवरचा राग गिळत ते घरी परतले.

“ताई, माप घ्यायचंय,” ते दारातूनच म्हणाले.

“कुठलं?”

“मुठीचं. आहे तशाच मुठीचं.”

ताईने त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मग उजव्या हाताने डावी मूठ उचलून टेबलावर ठेवली. मास्तरांनी घेर घेतला, पेरांची उंची घेतली, आणि प्रत्येक वेळी विचारलं, “इथे दुखतं?” गणवेशाच्या पट्ट्यांचं जाड कापड कापलं. मुठीवर चढेल अशी पिशवी शिवली, तुकडा तिच्यात असा बसवला की काडीवर तर्जनीचं पेर टेकेल. बोटं उघडायचीच नाहीत, मूठच ढकलेल.

कारखान्यात कोणी विश्वास ठेवला नसता, पण मास्तरांनी ट्रायल दिली.

“ढिलं आहे,” ताई म्हणाली. मास्तरांनी उसवलं, पुन्हा शिवलं.

दुसरी ट्रायल. “मनगटाला काचतंय. आणि शिवण वाकडी आहे.”

“शिवण वाकडी?” मास्तर उसळले. “माझी?”

“तुझीच. मला डोळे आहेत.”

तिसऱ्या वेळी काडी हलली. टोपीवाला एक पाऊल पुढे गेला, अडखळला, आणखी तीन पावलं गेला. ताईच्या कपाळावर घाम आला होता. सारा खांदा पुढे लोटून ती एका पेराने काडी ढकलत होती. पाचव्या पावलाला खड्डा आला. तिने उजव्या हाताने उडी मारली, पण मूठ मागे राहिली आणि टोपीवाला खड्ड्यात पडला.

मास्तरांचे डोळे भरून आले. चार पावलं. एवढ्या चार पावलांसाठी त्या काचेच्या पेटीवाल्याने एकदा तरी कुलूप काढायला काय हरकत होती! त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि विचारलं, “चालेल?”

“नाही चालणार,” ताई म्हणाली आणि मूठ त्यांच्यापुढे आपटली. “पेर बाजूला सरकतंय. उसव.”

मास्तरांनी कात्री घेतली आणि खाली मान घालून टाके उसवायला लागले.