एसटीतली ओली जागा

आईच्या दुखण्याबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. आमच्या घरात त्याला नावसुद्धा नव्हतं. खोकला आला, शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला की तिचं लुगडं ओलं व्हायचं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणापासून ते सुरू झालं. हळूहळू तिनं देवापुढे दिवा लावणं सोडलं. पंगतीत बसणं सोडलं. ताईच्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले. आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "गुडघे धरलेत."

एकदा वडिलांनी तिला मुंबईला दाखवून आणलं होतं. डॉक्टर पुरुष होते. काय होतं म्हणून त्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, पाठ दुखते. मलम घेऊन दोघं परत आली.

पुढे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि परदेशी इंजिनिअर बायकामुलांसह राहायला आले. त्यांच्यापैकी एका घरी आई मुलं सांभाळायला जाऊ लागली. घरच्या बाईंना आम्ही मडम म्हणायचो. आई बाळाला उचलायच्या आधी पाय आवळून उभी राहते, हे मडमच्या लक्षात आलं. मी कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. पुस्तकात असले शब्द नव्हते. शेवटी मडमनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि हातांनी, सोप्या शब्दांत सांगितलं, मलाही हेच व्हायचं. तिसऱ्या बाळानंतर. आमच्या गावी ऑपरेशन केलं. आता नाही.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "हिला?" ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या बाईला?"

त्यांचं काम संपत आलं होतं. मुलांना सांभाळायला आईला काही महिने विमानानं बरोबर आपल्या देशात न्यायचं आणि तिकडे ऑपरेशन करून परत पाठवायचं, खर्च त्यांचा, असं मडमनं ठरवलं. वडील आईला म्हणाले, "जाऊन ये. हिच्या लग्नात तरी पाटावर बसशील."

त्या आठवड्यात आईनं देवघर सारवलं. दिवा मात्र लावला नाही. म्हणाली, परत आल्यावर.

पासपोर्टच्या फोटोसाठी आणि लस टोचून घेण्यासाठी मुंबईला जायचं होतं. आईनं आदल्या दिवसापासून पाणी सोडलं, लुगड्याच्या आत जुन्या धोतराच्या घड्या बांधल्या. आम्ही चिंचणीहून बोईसरची एसटी धरली; तिथून पुढे आगगाडी. मी खिडकीशी, ती माझ्या शेजारी. आमच्याच बाकावर तिच्या पलीकडे मासळीची पाटी घेऊन एक कोळीण येऊन बसली.

"मावशी, पाटी टपावर," कंडक्टर म्हणाला.

"टपावर ठेवून कावल्यांना जेवाला घालू? तुज्या आयशीला इचार, काल कोलंबी कोनी दिली ती."

गाडीत हशा झाला. कंडक्टरनं हसत तिकीट फाडलं आणि पाटी तिच्या पायाशी राहिली.

पुढे कुणीतरी विडी पेटवली. आईला खोकला सुटला. त्यात रस्ता खड्ड्यांचा. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मग एकदम सोडून दिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्याकडे बघितलं तर तिला जास्त वाईट वाटेल असं वाटलं. बरोबर होतं का, माहीत नाही.

बोईसरला आम्ही उठलो. बसायला आलेला एक पांढऱ्या पँटीतला गृहस्थ ओरडला, "कंडक्टर! ही जागा ओली आहे!"

सगळ्यांनी वळून बघितलं. कोळणीनं एकदाच आईच्या लुगड्याकडे पाहिलं.

"माजी पाटी गलली," ती म्हणाली, आणि पदरानं ती जागा पुसू लागली.

"आता उद्यापासून पाटी टपावरच," कंडक्टर म्हणाला. आता तो हसत नव्हता. "कोलंबी आणा नायतर पापलेट आणा."

खाली उतरल्यावर कोळीण पाटी आडवी धरून आईच्या मागून चालत आली. स्टेशनाबाहेरच्या विहिरीमागे आईनं लुगडं पिळलं.

"पयल्यांदाच झालं काय गो?" कोळणीनं विचारलं. आईनं डोळे पुसत नकारार्थी मान हलवली. "मग रडतेस कशाला? आमच्या कोलीवाड्यात निम्म्या बायांना हाय. पाट्या उचलून उचलून. आमचं बरं, मासलीच्या वासात सगला वास जातो."

आई हसली. कित्येक वर्षांत मी तिला असं तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता पुन्हा झालं, म्हणून दोघी आणखी हसल्या.

"इलाज नाय यावर?" आईनं विचारलं.

"इलाज कसला? बाईपन हाय ते. मेल्यावर सुटतं." पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराकडे गेली.

आई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. गाडीची घंटा झाली. "आई, चल," मी म्हटलं.

"नाय जायाचं."

"मडम बरी झाली ना? तू पण होशील."

"तिला एकटीला होतं, म्हणून तिला नेलं. हितं सगल्यांनाच हाय. कोनाकोनाला नेनार?" लुगड्याचा काठ पुन्हा पिळत ती म्हणाली, "आनि इमानात कोन म्हनंल गो, माजी पाटी गलली?"

आम्ही परतीची एसटी धरली. बरं व्हायचं तर आधी तेवढा प्रवास करायला हवा, आणि तो प्रवास झेपायला मुळात बरं असायला हवं. त्या कोळणीनं तिला सांभाळून घेतलं, आणि तिच्या बोलण्यानंच आईची उरलीसुरली आशा गेली. त्या बाईचा राग करावा असंही मला वाटत नाही.

मी मडमला सांगितलं, आईला विमानाची भीती वाटते. मडमनं आईचे हात हातात घेतले. आई हसून बाळाला उचलायला वाकली, पाय आवळून. पुढच्या महिन्यात ती माणसं गेली.

माझं लग्न अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा पाटावर काका-काकूच बसतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सुट्टी संपली की आई मला बोईसरपर्यंत पोचवायला येते. एसटीत ती बसत नाही. परवा एका मुलानं उठून तिला जागा दिली. "बस रे बाबा तू," ती म्हणाली, "मला उभ्यानं बरं वाटतं." माझ्या शेजारची जागा बोईसर येईपर्यंत रिकामीच होती.