पाण्याचा पाहुणचार

आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणजे आदल्या दिवशी पोट पार रिकामं करावं लागतं. डॉक्टरांनी पावडर दिली होती. ती पाण्यात कालवून सावकाश प्यायची, मधूनमधून मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घ्यायचं, एवढंच काम. पण आमचे हे पडले कोल्हापूरचे. म्हशी पिळून देतात त्या दूधकट्ट्यावर उभ्यानं, एका दमात धारोष्ण दूध प्यायची सवय. पावडरचं पाणीही त्यांनी तसंच रिचवलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यात काय हाय? आण आणखी."

सरबताला मात्र हात लावेनात. "बीपीवाल्याला मीठ पाजतीस व्हय गं?" मी घसा फोडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग संडासाच्या खेपा सुरू झाल्या आणि प्रत्येक खेपेनंतर गडी तांब्याभर साधं पाणी घशात ओतत राहिला.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?"

थट्टा हा यांचा जन्माचा धंदा. मीही ठसक्यात माहेर सांगितलं, "गारगोटीची."

"व्हय? आमची हीबी गारगोटीचीच की! बसा, येईल एवढ्यात. जरा तापट हाय, पण तिच्याबिगर घर खायला उठतंय बघा."

मी हसले. एवढं गोड हे उभ्या जन्मात बोलले नव्हते, म्हटलं चालू दे. मग हे झोकांड्या खात उठले, स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी पाण्याचा पेला दिला नव्हता. ही थट्टा नव्हती. हे मला ओळखतच नव्हते.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. जुलाबांतून मीठ गेलं, वर नुसतं पाणी ढोसलं, त्यामुळं रक्तातलं सोडियम उतरून डोक्यावर परिणाम झालाय, असं डॉक्टर म्हणाले. ते भरून काढायचं तेही हळूहळूच. मी खाटेशेजारी बसून राहिले. भांडायला तरी हा माणूस मला परत मिळू दे, एवढंच मागत होते.

सकाळी यांनी डोळे उघडले आणि माझ्यावर खेकसले, "अशी का बसलीयास? आणि काल घरात कोण बाई आलती गं?"

मला रडू फुटलं. डोळे पुसत विचारलं, "तिला माझं काय सांगितलंत?"

"तुझं काय सांगायचं? तापट हाय म्हणालो असंन."

पुढचं अर्धं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. ते त्या बाईच्या वाट्याला आलं होतं, आणि मला तिचा हेवा वाटत होता.