डाव्या दरवाज्याचा आवाज

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची म्हणून मी बायकोसह अमरावतीहून अकोल्याच्या शोरूमला गेलो. तिथे जुन्या गाड्या पारखणारा एक माणूस होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तो इंजिनकडे फारसं बघत नसे. टरबूज घेताना वाजवून बघतात तसा बोटानं पत्रा वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा.

"नऊ वर्षं एकट्यानं चालवली. कुठंच ठोकली नाही," मी छाती फुगवून सांगितलं.

डाव्या दरवाज्याशी तो थांबला. पुन्हा वाजवलं. "साहेब, इथं पुट्टी भरली हाय. जोरात लागली होती गाडी."

"शक्यच नाही भाऊ. दुसऱ्याच्या हातात मी किल्लीच देत नाही."

त्यानं डोळे उघडून माझ्या बायकोकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती पर्सची चेन उघडझाप करत होती.

"तुमी पुण्याले ट्रेनिंगले गेले होते तवा," ती म्हणाली. "मोर्शीहून येताना पुलाच्या कठड्याले लागली."

"गाडी कोन चालवून राहिलं होतं?" मी विचारलं.

"मीच. चार वर्षं झाले शिकून."

चार वर्षं मी हिला गिअर म्हणजे काय ते समजावत होतो, आणि ही मान हलवत ऐकत होती.

"रंग बराबर मिळवला, वैनी," तो फडक्यानं दरवाजा पुसत शांतपणे म्हणाला. "नवी गाडी चालवून पाहता काय?"

माझ्याकडे न बघता ती स्टिअरिंगवर जाऊन बसली. मी मागे बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटचा पट्टा लावला.