दादाच्या उरलेल्या गोळ्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी खेडच्या स्टँडवर उभी होते. "तुझे दादा गेले गो... आतली नळी परत बंद झाली म्हणाले." मला रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि तो अजून तसाच आहे.

पावसाळ्यात त्याला हार्ट अटॅक आला होता. मनगटातून तार घालून डॉक्टरांनी स्टेंट बसवला, आणि सोडताना आम्हा सगळ्यांसमोर बजावलं, "मी रस्ता उघडलाय. तो उघडा राहतो गोळ्यांनी. मला विचारल्याशिवाय एकही बंद करू नका." दादाने मान डोलावली. जन्मभर शाळेत शिकवलं त्याने, पण ही मान त्याच्या वर्गातल्या ढ मुलांसारखीच डोलली.

भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी पेन्शनरांची एक टोळी फिरते. निम्म्यांच्या छातीत स्टेंट आणि सगळ्यांच्या तोंडात डॉक्टरकी. म्होरक्या तात्या. फिरून झालं की दादा अडकित्त्याने सुपारी कातरून सगळ्यांना वाटायचा. एकदा बोट कापलं आणि रक्त लवकर थांबेना. रुमाल भिजला तशी तात्याने तिथेच तपासणी उरकली. "त्या डॉक्टरने रक्ताचं पाणी केलंन तुझ्या. मी कधीच सोडल्या त्या गोळ्या. अर्जुनाच्या सालीचा काढा घेतो, बघ कसा चालतो." डॉक्टरांना एक फोन करायचा होता फक्त. पण माझ्या शहाण्या भावाला तात्या पटला. वहिनी दुकानातून गोळ्या आणत राहिली, हा "घेतली गो" म्हणत राहिला आणि चोरून काढा पीत राहिला. तो गेल्यावर ड्रॉवर उघडला, तर अडकित्त्याच्या मागे न फोडलेल्या पट्ट्या... वहिनी त्यांच्याकडे नुसती बघत बसली.

तेरावं झाल्यावर टोळी भेटायला आली. तात्या चांगल्या खुर्चीत रेलला. "नशीब हो, दुसरं काय. स्टेंटचा काही भरवसा नाही." मग त्याने पाणी मागितलं. मी दिलं. त्याने खिशातून पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली.

वहिनीने विचारलं, "ही कसली?"

"ती आपली... रक्त पातळ राहायची."

"परत कधी सुरू केलीत?"

"बंद कुठे केली होती? बोलायला काय, बोलतो आपलं."

वहिनी उठली, दादाच्या सगळ्या पट्ट्या आणून तिने त्याच्यासमोर ठेवल्या. "ह्या न्या तुम्ही. इथे फुकट जायच्यात."

मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. तात्याने चष्मा लावला, आपण घेतो त्याच गोळ्या आहेत ना ते पाहिलं, मुदतीची तारीख वाचली आणि पट्ट्या खिशात घातल्या.

ड्रॉवरमध्ये आता अडकित्ता आहे तेवढा. वहिनी तो रोज पुसून ठेवते. घरात सुपारी कोणी खात नाही.