सोलांजबाईच्या स्वयंपाकघरातून जाणारी वाट

सोलांज बेसाकच्या स्वयंपाकघरातून सरकारी वाट जाते, असं मी बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या हातातल्या ग्लासकडे बघतो. बघू दे. मी तिचा शेजारी. माझा द्राक्षमळा तिच्या कुंपणापासून थेट लोत नदीपर्यंत उतरतो. मला माहीत नसेल तर कोणाला असणार?

झालं असं की तिच्या सासऱ्याच्या बापाला घराचे दोन भाग जोडायचे होते आणि मधून गुरांची वाट जात होती. गुरं काय कोर्टात जातात थोडीच! त्यानं वाटेवरच भिंती घातल्या, चूल मांडली, आणि गाव गुमान वळसा घालायला लागलं. पुढे सगळे विसरले. नकाशा तेवढा विसरला नाही.

मग ती चालणाऱ्यांची संस्था निघाली. पाठीवर सॅक टाकून नदीकाठानं, मळ्यांमधून दिवसचे दिवस चालायचं, ही शहरातल्या लोकांची हौस. पायाला फोड आणायला माणूस रजा काढतो, हे माझ्या डोक्यात आजवर शिरलेलं नाही. वाटेवर खुणा रंगवायचं काम आन्सेल्मकडे आलं. आन्सेल्म आमचा निवृत्त पोस्टमन, सरळ माणूस, इतका सरळ की डोक्याला ताप. नकाशातली रेघ सोलांजबाईच्या मागच्या दारातून शिरून पुढच्या दारानं बाहेर पडत होती. ती बाजाराला गेलेली असताना यानं पांढरा-लाल पट्टा एक मागच्या दारावर मारला, एक पुढच्या दारावर आणि एक तिच्या फ्रीजवर.

"फ्रीजवर कशाला रे बाबा?" मी विचारलं.

"तिथं वाट वळते," तो म्हणाला.

नवरा गेल्यापासून सोलांजबाईचं बोलणं म्हणजे पाववाल्याच्या गाडीपाशी दोन शब्द. आमच्याकडे लोक एकमेकांच्या अंगणात बसून तासन्‌तास पितात, पण उंबरा ओलांडून आत कोणी कोणाच्या जात नाही. तशात एक डच नवराबायको मागच्या दारानं आत आले, बूट पुसले, 'बोंजूर' म्हणाले आणि पुढच्या दाराकडे निघाले. ही कांदे चिरत होती. पळी घेऊन धावली त्यांच्यावर. त्यांनी बिचाऱ्यांनी फ्रीजकडे बोट दाखवलं.

ती तडक सरपंच रुकेतकडे गेली. त्यानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला. वाट सार्वजनिक आहे, म्हणाला, दाराला कडी लावता येणार नाही.

"म्हणजे मी जेवत असताना लोक माझ्या पाठीमागून जाणार?"

"उजव्या बाजूनं जायला सांगा त्यांना."

पहिले काही आठवडे ती आल्यागेल्याकडे पाठ करून बसायची. मग कोणीतरी सूपचा वास छान सुटलाय असं म्हणालं, आणि बाई फिरली ती फिरलीच. आता सूप प्याल्याशिवाय कोणाला पुढचं दार दिसेना. तळाशी घोटभर उरलं की ती त्यात तांबडी वाइन ओतायची, आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचा, ही आमच्या भागातली रीत. लोकांचे फोड बघायची, सुई तापवून फोडून द्यायची. कोणाची सून बोलत नाही, कोणाला नोकरीवरून काढलं, तिला सगळं ठाऊक. कानात डूल घालायला लागली. सकाळपासून मागच्या दाराकडे डोळे.

मला मात्र त्रास. मागच्या दारानं सरळ आत गेलेली माणसं पुढच्या दारानं तिरकी बाहेर पडायची आणि माझ्या मळ्यात शिरायची. एकदा एक जर्मन मास्तर माझ्या वेलींना पाढे म्हणायला लावत होता. चुकलेल्या वेलीला परत म्हणायला लावलं त्यानं.

मग एक दिवस एक गृहस्थ तिच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरून पडले, आणि त्यांनी दावा लावला तो पंचायतीवर. रस्ता सार्वजनिक, तेव्हा देखभाल पंचायतीची. सोलांजबाईची फरशी रोज कोणी पुसायची यावर पंचायतीच्या दोन बैठका झाल्या. चुलीशेजारी 'वळणावर सावकाश' अशी पाटी लागली.

शेवटी रुकेतनं कायद्यातून वाट काढली. वाट वापरात नसेल, तर पंचायत स्वयंपाकघराखालचा तुकडा सोलांजबाईला विकू शकते. मामला मिटला. पण वापरात असेल, तर स्वयंपाकघर म्हणजे रस्त्यावरचं अतिक्रमण, ते पाडायचं. खरं काय ते बघायला जिल्ह्याहून लाव्हेर्न नावाचे अधिकारी येणार होते.

"त्या दिवशी कोणी आत आलं नाही की झालं," रुकेत तिला समजावत होता. "खुणा आपण नदीकाठानं नेऊ. स्वयंपाकघर कायमचं तुमचं."

"आणि लोक?"

"लोक खालून जातील. तुम्हाला शांतता."

ती काही बोलली नाही. गप्प बसली म्हणजे पटलं, असं आम्ही धरून चाललो.

त्या दिवशी सगळा गाव कामाला लागला. आन्सेल्मनं स्वतःच्या खुणांवर स्वतःच्या हातानं करडा रंग फासला. "पाप करतोय मी," म्हणाला, आणि चालणाऱ्यांना खाली वळवायला मळ्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. लाव्हेर्नसाहेब सोलांजबाईच्या टेबलाशी बसले. जबानी द्यायला एकेकाला आत बोलवावं, तर आत येणारा वाटेवर चालला असं धरतील, म्हणून रुकेतनं सगळ्यांना खिडकीबाहेर रांगेत उभं केलं.

"इथं? छे, कोणी येत नाही," पाववाला म्हणाला.

"बाई एकट्याच असतात," केमिस्टची बायको म्हणाली.

माझा नंबर आला. म्हटलं, आपण शेजारी, आपण जरा जोर लावला पाहिजे. "साहेब, मी भिंतीला भिंत लावून राहतो. या घरात वर्षानुवर्षं माणसाचा पाय लागलेला नाही. कुत्रंसुद्धा फिरकत नाही हिच्याकडे."

झकास बोललो असं वाटलं मला. सोलांजबाई चुलीपाशी झाकण हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे वाट वापरात नाही," लाव्हेर्न म्हणाले आणि लिहायला घेतलं.

तिनं झाकण ठेवलं, एप्रन सोडला, नवऱ्याची काठी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मग तेच दार वाजलं. ती आत आली, बूट पुसले, साहेबांना 'बोंजूर' म्हणाली, फ्रीजपाशी वळली आणि पुढच्या दारानं बाहेर. घराला वळसा घालून पुन्हा मागच्या दारात हजर. पुन्हा 'बोंजूर'.

"सोलांजबाई, काय चाललंय हे? घर पाडतील," रुकेत खिडकीतून म्हणाला.

"वाट आहे. चालतेय."

"बाई, तुम्ही घरच्या," लाव्हेर्न समजुतीनं म्हणाले. "तुमचं चालणं धरता येत नाही. बाहेरचं कोणी यायला हवं."

ती टेबलाला धरून उभी राहिली. धाप लागली होती. मग खिडकीकडे वळली. "मग तू ये," ती मला म्हणाली. "शेजारी आहेस ना? तू ये आत."

रुकेतनं माझी बाही धरली. आत गेलो तर तिचं स्वयंपाकघर जाणार होतं, आणि नाही गेलो तर मी बोललो ते खरं ठरणार होतं. मला खूप लाज वाटली. मी बाही सोडवली, वळसा घालून मागच्या दाराशी गेलो आणि बूट पुसून आत शिरलो. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. माझ्यामागून पाववाला आला, मग केमिस्टची बायको. लाव्हेर्ननी लिहिलेलं खोडलं.

हिवाळ्यात स्वयंपाकघर पाडलं. आता ती निजायच्या खोलीत चूल मांडून राहते. तिथून सरकारी वाट जात नाही, त्यामुळे तिच्याकडे जायचं तर दार वाजवावं लागतं. लोक वाजवतात. मीही वाजवतो.