नवलची मुकी डिस्क

नवल भटू पाटील याने माझ्या घराची रस्त्याकडची खोली घेतली ती ११ जून २०११ रोजी, शनिवारी. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. एक टेबल, दोन जुने मॉनिटर, धूळ उडवायचा ब्लोअर आणि बिस्किटांच्या डब्यात स्क्रूड्रायव्हर, एवढेच सामान. कळसाडीला वडिलांची बागायती होती, कापूस आणि ऊस. मुलाने तेच करावे असे त्यांचे म्हणणे. सामान उतरत असताना भटूअण्णा दारात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "घरनं ट्रॅक्टर खोलता येत नही आन् लोकेसना डबा खोलस!"

"ट्रॅक्टर बोलस का, अण्णा? हाऊ डबा बोलस."

"काय बोलस?"

"बिघडना का सांगस, कोठे दुखस."

अण्णा खोलीत पाय न ठेवता रिक्षात बसून निघून गेले.

नंदुरबारात संगणक दुरुस्त करणाऱ्याला हिवाळा जड जातो. मिरचीच्या गाड्या लागल्या की व्यापाऱ्यांचे संगणक एकामागून एक बंद पडतात. झाकण उघडले की आत पंख्यावर लाल थर. नवल नाकाला ओला रुमाल बांधून ते अंगणात साफ करायचा आणि तरीही शिंकत राहायचा. पण त्याचे खरे काम ते नव्हते. त्याचे खरे काम डिस्कचे होते.

ते मला त्याच्याकडून समजले. नवीन संगणकावर विंडोज घालायची डिस्क असते. ती ज्या वर्षी निघाली त्या वर्षाइतकीच शहाणी असते. पुढे कंपनी दर महिन्याला दुरुस्त्या देते, आणि त्या इंटरनेटवरून घ्याव्या लागतात. शहरात त्या आपोआप येतात. काठी गावाच्या पुढे डोंगरात आश्रमशाळांना संगणक मिळाले होते, इंटरनेट नव्हते. तिथे जुन्या डिस्कने विंडोज घातले की आठ दिवसांत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरायचा आणि यंत्र पुन्हा खाली नंदुरबारला यायचे, एसटीच्या मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेले.

म्हणून नवल त्या दुरुस्त्या आधीच डिस्कमध्ये घालायचा. एकेक दुरुस्ती उतरवून घ्यायची, ठरलेल्या क्रमाने मूळ डिस्कच्या नकलेत मुरवायची, प्रिंटरची ड्रायव्हरे घालायची, शेवटी मराठी फाँट घालायचे म्हणजे पोरांना अक्षरांच्या जागी चौकोन दिसणार नाहीत. मग हे सगळे एका डीव्हीडीवर बसवायचे. एक दुरुस्ती मागेपुढे झाली तर शेवटच्या क्षणी सगळे अडायचे, आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा. १३ क्रमांकाच्या डिस्कमध्ये त्याने दोनशेच्या वर दुरुस्त्या घातल्या होत्या. इंग्रजीतल्या सूचना मी वाचून सांगत असे. डिस्कवर क्रमांक आणि तारीखही मीच लिहीत असे. "काकू, तुम्हनं अक्षर छापेलसारखं शे," असे तो म्हणायचा.

जालमसिंग पावरा हे एका आश्रमशाळेतले शिक्षक. शाळेचे संगणक तेच सांभाळायचे. दर दोन-तीन महिन्यांनी नंदुरबारला आले की आमच्या ओट्यावर चहा घ्यायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये ते आले ते तक्रार घेऊनच.

"नवलभाऊ, तुमची डिस्क सासूसारखी आहे. घर नीट करते, पण दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारते. तेही इंग्रजीत."

"मग हो म्हणानं, सर."

"कशाला हो म्हणतोय ते कळायला नको? फोनला रेंज टेकडीवर. एक प्रश्न आला की मी टेकडी चढतो, तुम्हाला विचारतो, उतरतो. तोवर दुसरा प्रश्न तयार. परवा सहा वेळा चढलो. पोरं म्हणतात, सर बकऱ्या चारायला लागले."

आम्ही तिघेही हसलो. जाताना जालमसिंग म्हणाले, "काही विचारणारच नाही अशी करता येत नाही का?"

करता येत होती. सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ती डिस्कमध्ये ठेवायची. त्या फाइलची सूचना मीच नवलला वाचून दाखवली. एका ओळीशी मी थांबले. तिथे लिहिले होते की या जागी 'हो' भरले तर संगणकातले आधीचे सर्व भाग न विचारता पुसले जातील.

"हे चालेल?" मी विचारले.

"लॅबना मशीन रिकामाच शेतस, काकू."

अशी १४ क्रमांकाची डिस्क तयार झाली. तो तिला मुकी डिस्क म्हणायचा. घालायची, चालू करायचे, आणि पोरांना कविता शिकवून यायचे, तोवर सगळे तयार. त्याच्या सांगण्यावरून पाकिटावर मी लिहिले: 'फक्त रिकाम्या यंत्रासाठी'. डिस्कवर नेहमीप्रमाणे क्रमांक आणि तारीख. डिस्कवर तेवढ्या वाक्याला जागा होती. मी ते तिथे लिहिले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही.

लॅबमधले बाराही संगणक तिने तासाभरात एक या गतीने उभे केले. नंतर ती शेवटच्या संगणकातच राहिली. पाकीट कुठे गेले ते कोणाला माहीत नाही.

२२ जानेवारी २०१८, सोमवार. शाळेच्या कार्यालयातला संगणक सुरू होईना. जालमसिंगांनी लॅबमधून डिस्क काढून त्यात घातली. तिने काही विचारले नाही.

त्या संगणकात त्रेसष्ट कुटुंबांचे वनहक्काचे दावे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली जमीन नावावर व्हावी म्हणून तीन वर्षांपूर्वी प्रत्येक घरचा माणूस जीपीएस यंत्र हातात घेऊन आपल्या बांधावरून चालला होता. ती चाललेली रेषा जालमसिंगांनी संगणकात उतरवली होती. यंत्र मागून आणलेले होते; ते परत गेले आणि दुसऱ्या गावांसाठी कोरे झाले. शाळेचा प्रिंटर बंद, म्हणून कागद निघाले नव्हते. दाव्यांची सुनावणी १२ फेब्रुवारीला होती. त्या दिवशी मोजणी दाखवायची होती.

बुधवारी जालमसिंग हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. ओट्यावर बसले, चहाला नको म्हणाले.

"पुसलेलं परत येतं ना, नवलभाऊ? तुम्हीच म्हणाला होतात."

"येस, सर. वर काही लिखेल नसनं तर येस."

नवल आठ दिवस त्या एका हार्ड डिस्कसमोर बसला. व्यापारी आले, शिव्या देऊन गेले. त्याला काय सापडत होते ते तो मला सांगायचा, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे नव्हते. पुसणे म्हणजे कुठे काय ठेवले आहे याची फक्त यादी फाडणे. मजकूर जागेवर असतो, जोवर त्या जागेवर दुसरे काही येत नाही. साध्या डिस्कने थोड्याच जागेवर लिहिले असते. १४ क्रमांकाच्या डिस्कने कितीतरी जास्त लिहिले होते. दोनशेच्या वर दुरुस्त्या, ड्रायव्हरे, फाँट, त्याने महिनोन्‌महिने जे जे मुरवले ते सगळे त्या रेषांवर जाऊन बसले होते.

सत्तावीस दावे पूर्ण निघाले. बाकीच्यांची फक्त नावे निघाली. कोणता दावा कोणत्या जागी होता आणि तिथे आता काय आहे, हे त्याला दिसत होते. धनुबाई दगा पावरा या नावासमोर त्याने पेन्सिलीने लिहिले: मराठी फाँट.

२ फेब्रुवारीला त्याने दुकान बंद केले आणि मोबाइलवर मोजणीची सोय करून डोंगरात गेला. दहा दिवसांत छत्तीस जमिनी पुन्हा चालायच्या होत्या, काही चार-चार तासांच्या वाटेवर. शाळा सुटली की जालमसिंग त्याच्याबरोबर असायचे. एकोणतीस झाल्या. सहा कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली होती. ती होळीला परत येणार होती. होळी १ मार्चला होती.

राहिली धनुबाई. ती गावातच होती. सत्तरीची असेल. तीन वर्षांपूर्वी मोजणीला तिचा नवरा दगा चालला होता, आणि पुढच्याच पावसाळ्यात तो वारला. मूल नाही. मोबाइल तिच्या हातात दिला तेव्हा ती झोपडीपासून निघाली, नाल्याच्या कडेने सरळ गेली, मोहाच्या एका खोडापाशी थांबली. तिथून पुढे उतार होता, आणि उताराला कुठे दगडाची रांग नव्हती. शेजारचा माणूस म्हणाला, माझी हद्द इथपर्यंत. तिने उताराकडे हात केला आणि जालमसिंगांना काहीतरी सांगितले.

"काय म्हणतस त्या?" नवलने विचारले.

"म्हणते, इथून पुढे तोच चालायचा. मी खाली कधी गेले नाही, मी वरचं निंदायची."

मग तिने नवलकडे पाहून आणखी एक विचारले. जालमसिंगांनी ते लगेच मराठीत सांगितले नाही. नवलने पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "विचारते, पुसण्याआधी मशीनने विचारलं नाही का?"

"नही," नवल म्हणाला. "त्याले मीच सांगेल व्हतं, इचारू नको."

जालमसिंगांनी ते तिला सांगितले की नाही, हे नवलला आजही माहीत नाही. पावरी बोली त्याला कळत नाही. त्यांनी बराच वेळ काहीतरी सांगितले. ती मान हलवत होती.

शेवटी तिची खात्री होती तेवढेच मोजले. अठरा गुंठे भरले. दगाने चालून आखलेली जमीन तीन एकर होती, एवढे जालमसिंगांना आठवत होते, पण आठवण नकाशात भरता येत नाही.

१२ फेब्रुवारीला सुनावणी झाली. छप्पन्न दाव्यांचे नकाशे पुरे होते, ते पुढे गेले. ऊसतोडीच्या सहा जणांना गैरहजर म्हणून लिहिले. धनुबाईने अठरा गुंठ्यांच्या नकाशावर अंगठा दिला. अंगठा दिल्यावर शाई पुसायला तिला काही मिळेना, तेव्हा नवलने नाकावर बांधायचा रुमाल पुढे केला. हे मला जालमसिंगांनी सांगितले. नवलने तेवढे सांगितले नव्हते.

त्यानंतर त्याने पंधराव्या क्रमांकाची डिस्क केली. तीत एकच प्रश्न होता, मराठीत: 'या यंत्रात कोणाचे काही आहे का?' उत्तर तीन वेळा 'नाही' दिल्याशिवाय ती पुढे जात नसे. या वेळी मी डिस्कवरच लिहिले. ती डोंगरात पोचली तोवर शाळेला नवे संगणक आले होते. त्यांना डिस्कची जागाच नव्हती. जालमसिंगांनी ती परत पाठवली. माझ्या कपाटात आहे.

२०१९ च्या दिवाळीनंतर नवल सुरतेला गेला. एका काट्यावर बसतो, येणाऱ्या ट्रकांची वजने संगणकात भरतो. भटूअण्णा गेले तेव्हा आला होता. दोन दिवस राहिला, ट्रॅक्टर चुलतभावाला देऊन परत गेला. धनुबाई मागच्या वर्षी वारली. तिचे अठरा गुंठे आता कोण कसते ते मी विचारले नाही.

शाळेची ती हार्ड डिस्क नवल सुरतेला घेऊन गेला. पुसलेले शोधणारे नवे काही निघाले की तो ती टेबलावर घेतो. त्या जागेवर वर लिहिले गेले आहे, म्हणजे खालचे कायमचे गेले, हे त्याच्याइतके पक्के कोणाला माहीत नाही. तरी वर्षातून एकदा तो लावतोच, आणि मला फोन करतो. या वर्षीही आला, होळीच्या आदल्या दिवशी.

"काही निघालं का रे?"

"नही, काकू," तो म्हणाला. "तोच फाँट निघस."